मला निवेदक नको

मी एक जुना माहितीपट आहे, आणि जन्मापासून हट्टी आहे. मित्रांनो, माझ्यात एकही चेहरा नाही. फक्त हात आहेत. आर्मेनियातल्या एका डोंगराळ गावचे हात: मेंढ्या कातरणारे, लग्नात नाचणारे, थडग्यावर माती लोटणारे. माणसांचा समाज हातांवर उभा असतो, असे माझ्या दिग्दर्शकाला, हमाझास्पला, वाटे. त्याने मला चित्रित केले आणि संकलक अराक्सीने कात्री घेऊन माझे तुकडे जोडले.

येरेवानच्या चित्रपट कचेरीतल्या साहेबांना मी मुळीच आवडलो नाही.

"हे हात कोणाचे? लोकर किती निघाली? भारदस्त आवाजाचा निवेदक घाला, तो सांगेल. नाहीतर गावच्या अडाण्यांना ओ की ठो कळायचं नाही!"

"मग गावातच दाखवू," हमाझास्प म्हणाला. "त्यांना नाही कळला, तर मीच जाळतो."

जळणार मी होतो, तो नव्हे!

साहेबांच्या देखत गावच्या सभागृहात पडदा लागला. लोक माना पुढे काढून नुसते हात निरखत बसले. यांना काही कळत नाही, असे समजून साहेब मिशीत हसू लागले. इतक्यात एक म्हातारी ओरडली.

"अगं वार्दुश, हा तुझाच हात! अंगठ्यावरचा चटका बघ. तंदुरात लवाशच्या रोट्या भाजताना माझ्याशी भांडत होतीस, म्हणून भाजलीस!"

"भांडत तू होतीस. मी नुसती उत्तरं देत होते!"

"आणि हा गुर्गेन! नाचतोय की मेंढ्या हाकतोय?"

"मेंढ्या निदान माझं ऐकतात," मागून गुर्गेन म्हणाला.

सभागृह दणाणून गेले. मग पडद्यावर एक हात लवाश मोडून वाटू लागला. वार्दुश उठून पडद्यापाशी गेली. चित्रीकरणानंतरच्या हिवाळ्यात तिचा नवरा वारला होता.

"माझा वाहान," ती म्हणाली. "साहेब, परत दाखवा ना."

साहेबांनी शेरा मारला: 'प्रेक्षकांनी गोंगाट केला. निवेदन आवश्यक.' हमाझास्पने साफ नकार दिला, आणि मी वर्षानुवर्षे डब्यात कोंडला गेलो.

आता फीत सडत चालल्याने माझ्या अंगाला आंबट वास येतो, कडा ठिसूळ झाल्या आहेत. मोडेन, पण वाकणार नाही. मित्रांनो, मला थंड, कोरड्या जागी ठेवा. एवढे लाड मला चालतील. पण माझ्यावर कोणा निवेदकाचा आवाज चढवू नका. माझ्यापुढे बसा, बोला, हवे तर भांडा. वाहान लवाश वाटतो, तेव्हा बोलायचा हक्क वार्दुशचा आहे.