पूर्वेकडचा फुगवटा

शलाका नवऱ्याच्या व्हिसावर पुण्याहून नेदरलँड्सला आली. भूगर्भशास्त्राची पदवी काही वर्षं नुसती कपाटात पडून होती; मग एनस्खेडेच्या एका छोट्या कंपनीत तिला काम मिळालं, मिठाच्या खाणी तपासण्याचं. या खाणींत माणूस उतरतच नाही. जमिनीखालच्या मिठाच्या घुमटात बोअर घ्यायची, पाणी सोडायचं, मीठ विरघळलं की खारं पाणी वर ओढायचं. मागे उरलेल्या पोकळीच्या भिंती सोनार यंत्राने, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून, मोजायच्या.

त्या मार्चमध्ये ग्रोनिंगनकडच्या एका पोकळीचा नकाशा आला आणि शलाका त्याच्याकडे बघतच राहिली. सगळीकडून भोपळ्यासारखी गोल पोकळी, पण पूर्वेला मात्र लांबच लांब फुगवटा.

"यंत्र चुकलं असेल," तिची वरिष्ठ विलेमाइन म्हणाली.

"आणि एकाच बाजूला चुकेल? की भिंत कोसळली असेल?"

"मग तळाशी ढिगारा दिसला असता."

तळ तर सपाट होता. शलाकाला काही चैन पडेना. रात्री जेवताना तिने नवऱ्याला, सुदर्शनला, सगळं सांगितलं.

"अगं, मीठ ते मीठ," तो म्हणाला. "सगळीकडे सारखंच विरघळणार ना?"

शलाकाचा घास हातातच राहिला. "आणि सारखं नसेल तर?"

दुसऱ्याच दिवशी ती विलेमाइनला घेऊन गोदामात गेली. त्या बोअरमधून काढलेल्या मिठाच्या कांड्या तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या होत्या. पांढरी, करडी, पुन्हा पांढरी... आणि मग एक तांबूस कांडी, घाम फुटल्यासारखी ओली. तिच्यात एक पट्टा जवळजवळ उभा गेला होता. शलाकाने बोट लावून चाखलं.

"ई! कडूजहर!"

विलेमाइननेही चाखलं आणि तोंड वेडंवाकडं करून हसत सुटली. "मॅग्नेशियमचं मीठ! हे तर साध्या मिठाच्या आधी विरघळतं."

लाखो वर्षांत मिठाचा घुमट वर सरकताना एके काळी आडवा असलेला हा थर मुडपून उभा राहिला होता, आणि पाणी त्यालाच खात पूर्वेकडे शिरलं होतं. आणि शेजारच्या दुसऱ्या पोकळीसाठीची नवी बोअर नेमकी त्याच बाजूला ठरली होती! दोन पोकळ्यांमधली भिंत फारच पातळ उरली असती.

दुसऱ्या यंत्राने पुन्हा मोजलं. फुगवटा होताच, उलट आणखी लांब निघाला. खाणवाल्यांनी त्या पोकळीत पाणी सोडणं थांबवलं आणि नवी बोअर पश्चिमेला हलवली.

"पण हा थर पुढे जातो कुठे?" शलाकाने विचारलं.

"कुणास ठाऊक," विलेमाइन म्हणाली आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. "शेजारच्या पोकळीचा नकाशा उघड बघू."