ठोकेकाकांचा वेग

"काका, मूठ जरा सैल सोडा. काठी पळून नाही जायची," तरुण इंजिनिअरीण काचेआडून म्हणाली.

ठोकेकाकांनी मूठ सैल केली आणि पुन्हा चेंडूसमोर उभे राहिले. गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांचं काम एकच: नव्या काठीने चेंडू ठोकायचा आणि ती हाताला कशी लागली ते सांगायचं. खरं नाव सगळे केव्हाच विसरले होते. शेजारी पोलादी हाताचं यंत्रही चेंडू मारायचं, पण त्याचे हात दुखत नसल्यामुळे काकांची नोकरी अजून शाबूत होती.

आवाज बरा आला. भिंतीवर मात्र काठीच्या डोक्याचा वेग उमटला, ताशी ऐंशी मैल. एके काळी काका हसतखेळत शंभरी ओलांडत.

"गुरुवारी परत बघू," ती म्हणाली. "तुमच्या वेगाबद्दल वरून विचारणा झालीय."

वरून विचारणा होते ती हार घालायला नव्हे, एवढं काकांना कळत होतं.

घरी बायको ओली चादर झटकत होती. फाट्‌ असा आवाज आला.

"बघ, तुझा हात थांबला तसं टोक पळालं," काका म्हणाले. "कंबर थांबते तेव्हा खांदे पळतात, खांदे थांबले की हात, आणि हात थांबले की काठीचं डोकं."

"लग्न झाल्यापासून ऐकतेय. मग अडलंय कुठे?"

"कंबर थांबणार कशी? ती धड निघतच नाही."

ती हसली, पण त्यांचा चेहरा बघून तिने चादर खाली ठेवली.

"काढून टाकतील असं वाटतंय का तुम्हाला?"

"टाकलं तर करू काय? मला दुसरं येतं काय?"

 त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी अंगणात त्यांच्या कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "इथून सुरुवात करा. हातांची घाई नको," असं त्यांचंच त्यांना ऐकवायची.

गुरुवारी कमरेने ऐकलं. ती आधी वळली, मनगटं शेवटपर्यंत दुमडलेली राहिली आणि चेंडूपाशी आपसूक सुटली. सत्त्याण्णव! पाठीतून कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली, तरी काका पोरासारखे खूश झाले. इंजिनिअरिणीचा चेहरा मात्र पडला.

"कमी पडला का?"

"जास्त झाला, काका," ती चाचरत म्हणाली. "वयस्कर लोकांसाठी हलकी काठी काढतोय. यंत्राचा वेग कमी करता येतो, पण त्याला काही म्हातारपण येत नाही. मीच वर सांगितलं होतं, आमच्याकडे काका आहेत म्हणून." मग जीभ चावून म्हणाली, "माफ करा हं."

काकांना हसू आलं आणि वाईटही वाटलं. आठवडाभर जे लपवण्यासाठी जिवाचं रान केलं, नेमकं तेच हिला हवं होतं. सत्त्याण्णव अजून भिंतीवर होते. तिकडे बघून काकांनी कंबर चोळली.

"आणा ती हलकी काठी, मॅडम."

या वेळी त्यांनी जसं अंग वळलं तसाच चेंडू मारला. ऐंशीच्याही खाली आकडा आला.

"अगदी असंच," ती हळूच म्हणाली. "हाताला कशी लागली?"

काकांनी बोटं उघडमीट करून पाहिली.

"बरी आहे. काठीची मूठ थोडी जाड करा. आम्हा म्हाताऱ्यांच्या बोटांना बारीक मूठ धरवत नाही."

ती चेंडू ठेवायला पुढे आली. काकांनी तिला हातानेच थांबवलं, काठीवर भार देऊन सावकाश वाकले आणि पुढचा चेंडू स्वतः ठेवला.