साहेबांचा नमस्कार

आमच्या लाँड्रीच्या दारात एवढी गर्दी मी पुन्हा कधी पाहिली नाही. लोकांनी मळक्या कपड्यांची गाठोडी आणली असती तर आत्याला आनंद झाला असता. पण त्या सकाळी सगळे मोकळ्या हातांनी आणि स्वच्छ कपड्यांत आले होते. काउंटरच्या अलीकडे, जिथे एरवी धुवायच्या चादरींचा ढीग पडलेला असायचा, तिथे आमचा कुत्रा उभा होता आणि तो नमस्कार करत होता.

पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकलेले, छाती फरशीला लागलेली, मागची बाजू मात्र उंच. डोळे अर्धवट मिटलेले. माणसालाही इतकं मनापासून वाकता येणार नाही.

"वाकला! वाकला!" समोरचा पाववाला ओरडला. "अहो, माझ्याकडे बघून वाकला!"

"तुमच्याकडे कशाला वाकेल? तुम्ही पाव कच्चे काढता," मागून कुणीतरी म्हणालं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडिलांची धाकटी बहीण ही लाँड्री एकटीनं चालवायची आणि मी काउंटरवर बसून कपड्यांच्या कॉलरवर, पट्ट्यांवर पक्क्या शाईनं खुणा करायची. मागच्या खोलीतल्या बॉयलरची धग, खळीचा आंबट वास, इस्त्रीच्या टेबलावरून उठणारी वाफ हे सगळं अजून नाकात आहे. कुत्र्याचं नाव साहेब. आल्यागेल्याला तो बुटापासून टोपीपर्यंत न्याहाळायचा आणि काही न बोलता पुन्हा डोळे मिटायचा, म्हणून साहेब. ज्या आत्यानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, तिच्यासाठीसुद्धा तो कधी उठून उभा राहिला नव्हता. तो कुणापुढे वाकतो हाच मुळात चमत्कार.

हा चमत्कार शोधून काढला हातगुणवाल्यांनी. आधी ते छत्र्या दुरुस्त करायचे. त्यांनी दुरुस्त केलेली छत्री उघडली की मिटायची नाही आणि मिटली की उघडायची नाही. गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांना आपल्या हातात गुण असल्याचं कळलं. मग ते डोकेदुखीवर, रुसलेल्या सुनांवर आणि हरवलेल्या किल्ल्यांवर हात ठेवू लागले. एका संध्याकाळी ते सदरे न्यायला आले, साहेबाच्या पोटाला त्यांचा हात लागला आणि साहेब वाकला. हातगुणवाले क्षणभर दचकले. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ओळखलंस मला?"

झालं. दुसऱ्या दिवशी गल्ली आणि तिसऱ्या दिवशी अर्धं गाव.

पद्धत सोपी होती. माणसानं प्रश्न विचारायचा. हातगुणवाले साहेबाच्या पोटाखाली तळवा धरणार. साहेब वाकला तर हो, नाही वाकला तर नाही. त्यांचं बोलणं तर भिजलेल्या चादरीतून पाणी गळावं तसं अखंड चालायचं.

"तीन दिवस झाले, अन्नाला शिवलेला नाही," ते सांगत. "कोण सोडतो हो अन्न? तुम्ही सोडाल? हा सोडतो!"

साहेबानं पिवळं पाणी ओकलं तेव्हा ते म्हणाले, "वासना बाहेर पडतायत. पाय लावू नका."

पुढे तर ओकायलाही काही उरलं नाही. मान ताणून, पोट आत ओढून तो नुसताच घशातून आवाज काढायचा. "ऐका!" हातगुणवाले बोट वर करायचे. "नामस्मरण चाललंय."

कुणी विचारलं, की त्याचं पोट एवढं टम्म का दिसतंय?

"भक्तीनं भरलंय."

आणि हिरड्या पांढऱ्या का पडल्या?

"राग लाल असतो ना? राग गेला, लाली गेली."

पाववाल्यानं हे ऐकून डोळे पुसले. त्याच्याही घरी एक कुत्री होती. "आमची बया मात्र दिवसभर खाते," तो खंतावून म्हणाला. "तिचं काही खरं नाही."

इतरांना हसते आहे, तर माझंही सांगते. मीही प्रश्न विचारला होता. मला शाळेत शिकवायची नोकरी मिळेल का? साहेब वाकला. मी खूश. नोकरी काही मिळाली नाही, पण ते सोडा. त्याच पहाटे बॉयलरच्या खोलीत मी साहेबाला पाहिलं होतं. तो बसत होता, उठत होता, भिंतीकडे तोंड करून थरथरत होता. खाली फेस पडला होता. तो मी पोत्यानं पुसला आणि गप्प राहिले. एवढे लोक म्हणतायत, त्यात मीच कशाला मोडता घालू? आपलं शहाणपण गर्दीजवळ गहाण पडतं ते असं, आणि पडल्याचा आवाजही येत नाही.

आत्या मात्र घुटमळत होती. "अगं, याचं नाक बघ ना, कोरडं पडलंय," ती मला हळूच म्हणाली. पण लगेच हातगुणवाले म्हणाले, "बाई, तुमच्या घरात पुण्यात्मा नांदतोय," आणि आत्या पुन्हा पदराला हात पुसत उभी राहिली. आयुष्यभर तिला कुणी तिच्या घराबद्दल काही चांगलं म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई त्यांचे पांढरे कोट न्यायला आल्या. ठेंगण्या, दंड जाड, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांचे कोट धुताना आत्या दरवेळी कुरकुरायची, कारण त्यावर कुठल्या जनावराचं काय उडालंय याचा पत्ता लागायचा नाही.

"काय जत्रा आहे?" त्यांनी मला विचारलं.

"साहेब नमस्कार करतो," मी म्हणाले.

त्या गर्दीत घुसल्या. क्षणभर साहेबाकडे बघत राहिल्या. मग सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात विचारलं, "यानं शेवटची शी कधी केली?"

एक म्हातारी कानावर हात ठेवून म्हणाली, "काय बाई तरी ही!"

"अहो, नमस्काराच्या वेळी हे काय विचारता?" पाववाला चिडला.

"मग कधी विचारू? मेल्यावर?" त्या गुडघ्यावर बसल्या. साहेबाचा ओठ वर केला, हिरडीवर बोट दाबलं, सोडलं आणि मनात आकडे मोजले. "पाववाले, इकडे या. तुमचा ओठ वर करा."

"माझा?"

"तुमचाच. लाजू नका. आता आपल्या हिरडीवर बोट दाबा. सोडा. पांढरी झाली आणि लगेच गुलाबी झाली, बघा. दोन आकडे मोजायच्या आत. आता याची बघा." त्यांनी पुन्हा दाबलं. पांढरा डाग तसाच राहिला. चार आकडे, पाच आकडे. "रक्त पोचत नाहीये तिथपर्यंत. राग उतरलेला नाही, जीव उतरतोय."

गर्दीत एकेकानं गुपचूप आपापला ओठ उचलला. नंतर तर उघडच. पन्नास-साठ माणसं लाँड्रीत ओठ वर करून एकमेकांच्या हिरड्या तपासत होती. इतकं पवित्र दृश्य तिथे तीन दिवसांत दिसलं नव्हतं.

हातगुणवाल्यांनी घसा खाकरला. "बाई, तुमची विद्या शरीराची आहे. हा प्रकार वरचा आहे."

"असेल. मग तुम्ही हात जरा वर ठेवा. खांद्यावर."

"गुण पोटातूनच शिरतो."

"आज खांद्यातून शिरू द्या. बघू तरी."

लोकांनीही आग्रह केला. हातगुणवाल्यांनी नाइलाजानं खांद्यावर हात ठेवला. साहेब नुसताच उभा. "वंदन कर, बाळा," हातगुणवाले म्हणाले. "कर ना." साहेबानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी आपला तळवा त्याच्या पोटाखाली धरला आणि बोटांच्या टोकांनी अगदी हलकं दाबलं. साहेब कण्हला आणि तत्काळ वाकला, कोपरापर्यंत.

"झाले मी संत?" त्यांनी विचारलं. "पोटात असह्य कळ आली की कुत्रा असा वाकतो. पुढून खाली, मागून वर, म्हणजे पोटावरचा ताण जरा कमी होतो. तीन दिवस तुम्ही प्रश्न विचारलेत, आणि हो म्हणायचं असेल तेव्हा हे गृहस्थ दुखऱ्या जागी दाबत होते. नाही म्हणायचं असेल तेव्हा नुसता हात धरत होते. आत काहीतरी अडकलंय. आत्ताच्या आत्ता पोट उघडलं तर कदाचित वाचेल. संध्याकाळपर्यंत थांबलात तर मला बोलावू नका, खड्डा खणणाऱ्याला बोलवा."

आता मात्र गलका झाला. पुण्यात्म्याला सुरी लावणार? हातगुणवाल्यांना तेवढ्यात सूर सापडला. "लावा सुरी! पण लक्षात ठेवा बाई, तीन दिवसांत या लाँड्रीची राख होईल. माझ्या तोंडून खोटं निघत नाही."

सगळे आत्याकडे बघू लागले. तिच्याकडे दुसरं काय होतं? नवरा नव्हता, मूल नव्हतं. ती लाँड्री आणि तो कुत्रा, एवढंच. आणि त्या माणसानं नेमकं एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं केलं होतं. तिचा चेहरा खळीच्या कापडासारखा ताठ झाला. साहेब मागचे पाय लटपटून एका कुशीवर पडला आणि उठेना.

आत्यानं पदर खोचला.

"हे बघा," ती म्हणाली. "माझा बॉयलर नको तिथून वाफ सोडायला लागला, तर मी त्याला हात जोडत नाही. आधी विस्तव विझवते आणि मग फिटरला बोलावते. म्हणून ही लाँड्री बावीस वर्षं जळली नाही. तुमच्या तोंडून काय निघतं ते तुमचं तुम्ही बघा. पोरी, ढकलगाडी आण!"

ओल्या चादरी न्यायची ती ढकलगाडी. आम्ही साहेबाला चादरीत गुंडाळून तिच्यात घातलं. आत्या ढकलत होती, डॉक्टरीणबाई पुढे लोकांना कोपरानं बाजूला करत होत्या आणि मी त्याचं डोकं धरून धावत होते. त्याचे कान हाताला गार लागत होते. ज्यांना तीन दिवस नमस्कार हवा होता, त्यांच्यापैकी गाडीला हात लावायला एकटा पाववाला आला.

दवाखान्यातल्या बाकावर आत्या दोन तास ताठ बसून होती. मला म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसत होतं गं. ते पुण्यात्मा म्हणाले आणि मला ते गोड लागलं." मी तिला फेसाबद्दल तेव्हा सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या चिमट्यात एक मोजा धरून. लोकरीचा, पुरुषाचा, दुमडून आतड्यात घट्ट बसलेला. आमची खूण त्यावर अजून वाचता येत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर आतडं फाटलं असतं, असं त्या म्हणाल्या. आत्यानं तो मोजा नेऊन तीनदा उकळला, वाळवला, इस्त्री केला आणि जोडीला जोड लावून गिऱ्हाइकाला परत दिला. त्या गृहस्थाला शेवटपर्यंत काही कळलं नाही. तोच मोजा घालून तो मुलीच्या लग्नात मिरवला.

साहेब जगला. पंधरा दिवसांनी पुन्हा दारात पसरून लोकांचे बूट न्याहाळू लागला आणि कुणाहीपुढे वाकेना. तर लोक काय म्हणाले? "डॉक्टरीणबाईंनी त्याची भक्ती कापून काढली!" हातगुणवाले तर म्हणत होते, "मोजा मला पहिल्याच दिवशी दिसला होता."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"त्या दिवशी माझं मौन होतं."

लाँड्री जळली नाही. त्याचंही श्रेय त्यांनीच घेतलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती मजेत सांगून मोकळी झाले असते. पण दुसऱ्या वर्षी पाववाल्याची बया खाईना. तिचं पोट फुगून नगाऱ्यासारखं कडक झालं, ती एका जागी टिकेना, नुसत्या कोरड्या ओकाऱ्या काढू लागली. पाववाल्यानं गाडीला हात लावला होता, हिरडी दाबून बघितली होती, सगळं ऐकलं होतं. तरीही तो सकाळी तिला आधी हातगुणवाल्यांकडे घेऊन गेला. त्यांनी दुपारपर्यंत हात ठेवला. तिथून दवाखान्याकडे नेताना ती वाटेतच गेली.

दोन दिवसांनी तो तिचं घोंगडं घेऊन काउंटरवर आला. "धुवायचंय," म्हणाला. मी खूण करायला शाई उघडली. तो जाईना.

"बाई," त्यानं आत्याला विचारलं, "आधी डॉक्टरीणबाईंकडे नेली असती तर वाचली असती का हो?"

मी आत्याकडे बघितलं. म्हणावं तिनं, नशिबात नव्हतं. असं म्हटलं की सगळे सुटतात. पण डाग निघणार नसेल तर निघेल असं आत्यानं गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही.

"वाचली असती, बहुतेक," ती म्हणाली. "आधी तिकडे न्यायला हवी होती."

तो मान हलवून निघून गेला. मला तेव्हा आत्या निष्ठुर वाटली. आज तिच्या तेव्हाच्या वयाहून माझं वय जास्त आहे, आणि वाटतं, त्या तीन दिवसांत कुणी तिच्याशी इतकं स्पष्ट बोललं असतं तर साहेबाचे हाल झाले नसते.

म्हणून मीही स्पष्टच लिहिते. तुमचा कुत्रा पुन्हा पुन्हा ओकतोय, किंवा ओकायला जातोय आणि काही पडत नाही, पोट कडक फुगलंय, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर झाल्यात, श्वासाला धाप लागतेय, झटके येतायत, शी-शू बंद झालीय, उठवलं तरी उठत नाही, किंवा तो असा पुढून वाकून कण्हतोय, तर त्याचा अर्थ शोधत बसू नका. हातगुणवाल्यांना विचारू नका, शेजाऱ्यांना दाखवू नका, सकाळची वाट बघू नका. तो काही सांगत नाही, शिकवत नाही, कुणाचं पाप स्वतःवर घेत नाही. त्याला दुखतंय. उचला आणि डॉक्टरकडे न्या.