ऐकणाऱ्याचे नाव

रेवणप्पांनी डावा हात पायजम्याच्या खिशात घातला आणि उजव्या हाताने स्विच दाबला. उघड्या सेटमध्ये दोन्ही हात घालायचे नाहीत, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. विजेला एका हातातून दुसऱ्या हातात जायची वाट मिळाली, की वाटेत काळीज लागते. आतल्या दोन्ही व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्यांत हळूहळू तांबूस उजेड आला. रेकॉर्ड लावलेली नव्हती. त्यांनी आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि डोळे मिटून मान तिरपी केली.

"लेकरू झोपल्यागत हाय बघ," ते स्वतःशीच म्हणाले.

प्रीअँप झकास जमला होता. रेकॉर्डवरच्या बारीक आवाजाला जरा अंग आणून मग मोठ्या अँपकडे धाडायचे, एवढेच या पेटीचे काम. पण ते करताना तिने स्वतः हूं की चूं करता कामा नये. सात रस्ता चौकातले त्यांचे दुकान बंद होऊन आठ वर्षे झाली, तरी गाण्याचे वेडे पत्ता काढत घरी येत. माढ्याचे सयाजी त्यांतलेच. एक प्रीअँप त्यांनी दिवाळीत नेला होता, हा दुसरा भावासाठी. चार वाजता ते न्यायला येणार होते.

रेवणप्पांनी पेन्सिल आणि चिठ्ठी घेतली. प्रत्येक सेटच्या पोटात दोन ओळींची चिठ्ठी चिकटवायची, ही दुकानाची रीत. वर 'बनवले', खाली 'ऐकले'. हात कुणाचाही चुकतो. कानाने ती चूक उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. दुकान गेल्यापासून दोन्ही ओळींत एकच नाव पडत होते.

सून चहा घेऊन आली. भुवनेश्वरी आठवडाभर ऑफिसात आणि रविवारी घरात राबायची. आज रविवार होता. कप ठेवता ठेवता ती थबकली.

"मामा, हे काय गुणगुणतंय?"

"कुटं?"

तिने आत जाऊन फ्रिज बंद केला. परत येऊन पंखा बंद केला. मग अँपला जोडलेल्या स्पीकरकडे बोट दाखवले.

"इथं की. माशी अडकल्यासारखं."

"माशी तुझ्या कानात असंल. तुला काय कळतंय यातलं?"

ती तिथून हलली नाही. रेवणप्पांना राग आला होता आणि रागाखाली भीती होती. हल्लीच्या टीव्हींचे स्पीकरच रद्दी निघतात, असे ते वर्षभर सगळ्यांना सांगत होते, आणि घरातले सगळे मुकाट्याने टीव्हीचा आवाज वाढवत होते. त्यांनी स्पीकरच्या कागदी पडद्याला बोटाचे टोक लावले. पडदा थरथरत होता.

त्यांनी सेट बंद केला, आत साठलेली वीज उतरवली, चॅसिस, म्हणजे सेटचा पत्र्याचा सांगाडा, उलटी करून भिंग धरले. चूक सापडायला पाच मिनिटेही लागली नाहीत. आवाज नेणाऱ्या वायरीवर तारेची जाळी असते. ती एकाच टोकाला चॅसिसला जोडायची. दोन्ही टोके जोडली, की हमखास गुणगुण. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे त्यांनी ओरडून ओरडून सांगितले होते, आणि इथे दोन्ही टोके जोडलेली, तीही अगदी सुबक. चुका पूर्वीही व्हायच्या, पण कान लगेच पकडायचे.

त्यांनी एक टोक कापले. डावा हात खिशात, पुन्हा स्विच.

"आता?"

"गेला, मामा."

"माझं मन राखायला बोलू नगंस. नीट ऐक."

तिने स्पीकरला कान लावला. बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"काहीच नाही. खरंच."

रेवणप्पांनी मान हलवली. त्यांना मघाचे आणि आताचे, दोन्ही सारखेच ऐकू येत होते.

सयाजी चारच्या ठोक्याला आले. त्यांनीही रेकॉर्ड न लावता आवाज पुरा वाढवला, कान पुढे केला, आणि त्यांचा चेहरा उजळला. लगेच मात्र ते ओशाळल्यासारखे झाले.

"मास्तर, एक इचारू? माझा दिवाळीतला सेट पण एकदा बघता का?"

"का? गुणगुणतोय?"

सयाजींनी नजर खाली वळवली.

"लई न्हाय. जरासा."

"कवापास्नं?"

"नेला तवापास्नं."

"आरं, मग बोलला का न्हाईस?"

"आत चिठ्ठी हाय न्हवं तुमची. तुमी ऐकलाय म्हटल्यावर... मला वाटलं, माझ्याच कानात कायतरी बिघाड हाय. बार्शीला डाक्टरलासुदिक दाखवून आलो."

रेवणप्पांना हसू आले, आणि ते ओठांवरच राहिले. त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली, 'बनवले'समोर आपले नाव लिहिले आणि पेन्सिल सुनेकडे सरकवली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने शाळकरी अक्षरात दुसरी ओळ भरली.

"घिऊन ये तो सेट," ते सयाजींना म्हणाले. "पण रविवारीच आण. बाकीचे दिस हिला ऑफिस असतंय."