शिळी नोंद

दक्षिण कोरियातल्या देजॉन स्टेशनवर उतरली तेव्हाच सावाको थकलेली होती. सेऊलमधलं कंपनीचं काम आटोपून ती सरळ जपानला, सेंदाईच्या घरी जाऊ शकली असती. पण तिचा जुना सहकारी मिन गीबम ईमेलला उत्तर देत नव्हता, आणि त्याला गाठल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ज्या डेटाबेससाठी दोघं राबत, तो कुणाच्याच मालकीचा नव्हता. जगभरची माणसं आपापली नोकरी सांभाळून, फुकट त्याची डागडुजी करत. त्यातला कॅशेचा, म्हणजे तात्पुरत्या साठ्याचा कोपरा या दोघांकडे होता. वारंवार लागणारी माहिती डेटाबेस तिथे हाताशी ठेवतो. मूळ माहिती बदलली, की ‘हातातलं फेका’ अशी दवंडी पिटतो. तरीही क्वचित शिळंच पानात पडायचं. गेल्या वर्षी त्यावरूनच झालेल्या एका वादाला वैतागून गीबमने सगळ्याला रामराम ठोकला होता.

तिकडे तैवानमध्ये, हाच डेटाबेस वापरणाऱ्या ह्वालिएनच्या एका बस कंपनीतल्या ल्यू पेइशान बाई तक्रार करून करून दमल्या होत्या. बसगाड्यांच्या तक्त्यात काही बदल केला, की एखादी तिकीट खिडकी जुनाच तक्ता धरून बसायची.

सावाको दारात उभी राहिली, तेव्हा गीबम तिला बाजारातल्या नूडल्सच्या दुकानात घेऊन गेला.

“ताई, खायला आलात ना? मग खा. ती बॅग उघडू नका.”

“उघडणारच. दुसऱ्या जाणत्याने वाचल्याशिवाय दुरुस्तीचा पॅच आत जात नाही. आणि ते वाचणारं आता उरलंय कोण?”

“मी सोडलंय ते. आता मला झोप लागते रात्री.”

“मग आज दिवसा वाच.”

तो हसला नाही, पण त्याने वाडगं बाजूला सारलं. सावाकोने सांगायला सुरुवात केली. “नोंद अजून तयार होत असते, तेवढ्यात दवंडी येते. फेकायला जावं तर नोंद फडताळात आलेलीच नाही. दवंडी निघून जाते, आणि मग ती जुनी नोंद ऐटीत येऊन बसते.”

“म्हणजे कचरागाडी गेल्यावर कचरा बाहेर.”

“तेच. म्हणून तयार होत असलेल्या नोंदींची नावं मी वेगळी टिपून ठेवते. दवंडी आली, की त्यांच्यावर फुली मारायची आणि त्या पुन्हा करायला घ्यायच्या.”

गीबम वाचत राहिला. त्याच्या वाडग्यातल्या नूडल्सचा फुगून लगदा झाला. मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. “आणि मध्येच काहीतरी चुकून काम अर्धवट सुटलं तर? नाव तुमच्याकडे तसंच राहणार. मेलेल्याला हाका मारत बसणार तुम्ही.”

सावाकोने ती ओळ पुन्हा वाचली. तो बरोबर होता. महिनोन् महिने ती हेच वाचत होती आणि तिला ते दिसलं नव्हतं. वाईट वाटण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं. कुणीतरी मन लावून वाचलं, एवढ्यानेच खांदे जरा सैल झाले.

“इथे संध्याकाळी माणसं जेवायला येतात हो!” दुकानाची मालकीण ओरडली.

“आम्हीही माणसंच आहोत, मावशी. आणखी दोन वाडगी द्या,” गीबम म्हणाला, आणि त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

वसंतात पॅच आत गेला. मग तोच डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये बसवायचा होता. प्रत्येकीचं अंग वेगळं, प्रत्येकीत नवं भांडण. सावाकोचे सगळे रविवार त्यात गेले. ते उरकल्यावर तिने ल्यूबाईंना कळवलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ‘आमच्या मालकांनी नवीन वर्षातच दुसरा डेटाबेस घेतला. त्यांचा धीर सुटला. पण जुनं मशीन कोपऱ्यात पडून होतं. त्यावर तुमची दुरुस्ती चढवली आणि आठवडाभर तक्ते बदलत राहिले. शिळं एकदाही आलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. मलाच बघायचं होतं.’

सावाकोने ते गीबमला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला.

“म्हणजे ज्यांच्यासाठी केलं, तेच निघून गेले?”

“हो.”

“वाईट वाटतंय?”

“वाटेल बहुतेक. उद्या. आता पाठ टेकू दे रे.”

बाहेर लख्ख दुपार होती. तिने खिडकीचा पडदा ओढला, उशी घेतली आणि चटईवरच आडवी झाली.