पलंगावाली धावते

आमच्या ताईला गेल्या दिवाळीपासून लकवा आहे. रोज संध्याकाळी साडेसातला ती टीव्हीत पलंगावर पडते, सासूचे टोमणे ऐकत डोळ्यांतून पाणी काढते आणि सारं वऱ्हाड हळहळतं. मालिका आहे, हे सगळ्यांना कळतं. तरी ती अकोल्याला घरी आली की लोक सफरचंदं घेऊन भेटायला येतात.

शेजारच्या रजियाबी तर तेलाची बाटली घेऊन आल्या. ताई ओट्याशी उभी राहून पोहे परतत होती, तिच्याच हातात त्यांनी बाटली दिली. “मले मालूम हाय बेटा, ॲक्टिंग हाय. पन दिल नाई मानत. लावजो पायाले.”

अशा या सीमाताईच्या डोक्यात अमरावतीची हाफ मॅरेथॉन शिरली. मी म्हटलं, पलंगावर पडून पगार घेणाऱ्या बाईला हे कुठून सुचलं? ती चिडली नाही. म्हणाली, “नितेश, परवा सीन संपला, सारे चहाले गेले, आन् मी तशीच पडून. उठायचं हाय हेच याद नाई आलं. भेव वाटलं रे मले. एकडाव पुरं पयून पाह्याचं हाय, पाय अजून माहेच हायेत का नाई ते.”

यावर काय थट्टा करणार? मी मोबाईलवर तिचं नाव नोंदवून टाकलं.

अडचण अशी की, मालिकेत उठेपर्यंत बाहेर धावताना कुणाला दिसायचं नाही, असं निर्मात्यांनी बजावलं होतं. एखादा व्हिडिओ फिरला तर गोष्टीत तिला सरळ मारून टाकणार होते. मेलेल्या पात्राला पगार नसतो.

म्हणून ताई तोंड बांधून पळायची. आपल्याकडे गाडीवर बसणारी प्रत्येक पोरगी ओढणीने तोंड बांधते, नुसते डोळे दिसतात, त्यामुळे कुणी वळून पाहत नाही. अकोल्यात असली की पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर ती पुढे आणि मी मागून स्कूटीवर. एरवी मुंबईत शूटिंग, मध्येच नाशिकला दुकानाचं उद्घाटन, इंदूरला कुणाचा तरी सोहळा. जिथे उतरेल तिथे आधी बूट बाहेर काढायची. भुसावळला गाडी थांबली की फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा लोकांना वाटलं, बाईचा डबा चुकला. दोघांनी धरून तिला दुसऱ्याच डब्यात चढवलं. सेटवर ती चादरीखाली घोटे फिरवत बसायची, तर दिग्दर्शक ओरडायचा, “बाई, लकवा!”

मायला हे काही पटत नव्हतं. “काहून पयतं वं? कोन मांगं लागलं तुह्या?” पण हीच माय, ताई शेजारी बसून भाकर खात असताना, टीव्हीकडे पाहून म्हणायची, “ऊठ वं बाई, किती दिवस पडून राह्यशीन!”

जानेवारीत आम्ही तिघं अमरावतीला गेलो, त्या दोघी एसटीने आणि मी स्कूटीवर. ताईचं नाव घेऊन ओरडायचं नाही, असं मी मायला दहादा सांगितलं होतं. आम्ही छत्री तलावाकडच्या चढावर उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ताई आली ती लंगडतच. पोटरीत पेटका आला होता. आमच्यासमोर येऊन ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली, ओढणी खाली ओढली आणि तोंडावर पाणी मारलं.

“झालं माह्यं,” ती म्हणाली. “स्कूटी काढ, नितेश.”

तिचे डोळे भरले होते. मालिकेतलं रडणं मला ओळखू येतं, हे तसलं नव्हतं. आत्ता ही स्कूटीवर बसली तर त्या पलंगावरून मनाने कधीच उठायची नाही, असं मला वाटलं. चावी हातात धरून मी नुसता उभा राहिलो.

मायने मात्र मी सांगितलेलं सगळं वाऱ्यावर सोडलं. “ऊठ वं सीमे! किती दिवस पडून राह्यशीन!”

चढावरच्या बायांनी वळून पाहिलं. “अवं माय, हे त थे पलंगावाली!” भराभर मोबाईल वर आले. माय हात जोडून मध्ये उभी राहिली. “फोटो नका काढू बाप्पा! मारून टाकतीन माह्या पोरीले!”

कोण मारणार, कशासाठी, कुणी विचारलंसुद्धा नाही. एका दांडग्या बाईने शेजारच्या माणसाचा मोबाईल हाताने खाली दाबला. “ठेव खिशात! मरू देतं का तिले? अजून सासूले जवाब देयाचा हाय तिनं!” मग त्या सगळ्याच जणी, घरी टीव्हीला जे सांगतात तेच तिला सांगायला लागल्या. ऊठ वं. ऊठ.

ताई हसत-रडत उठली. मायने स्वतःच्या हाताने तिची ओढणी बांधली, जरा जास्तच घट्ट, आणि ती निघाली. पोचली. बहुतेक लोक घरी गेल्यावर पोचली, पण स्वतःच्या पायांनी पोचली. मी शेवटच्या रेषेजवळच्या मांडवामागे जाऊन डोळे पुसून आलो.

दुसऱ्या दिवशी ताई मुंबईला, पुन्हा पलंगावर. संध्याकाळी मालिकेच्या वेळेला रजियाबी आल्या. “पार्वताबाई, अमरावतीले कोनी पोरगी तोंड बांधून पयली म्हन्ते?”

“असन कोनी,” माय टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. “आमची त अजून उठली नाई.”

निघताना ताईने शर्यत पूर्ण केल्याचं पदक मायच्या गळ्यात घातलं होतं. मायने ते काढलंच नव्हतं, नुसतं पदराखाली लपवलं होतं. फीत मात्र मानेवर दिसत होती.

रजियाबींनी फितीकडे पाहिलं. मग पिशवीतून तेलाची नवी बाटली काढून मायच्या पुढ्यात ठेवली.

“मंग हे पाठवजो तिले,” त्या म्हणाल्या. “पडून पडून पाय लय दुखून राह्यले असतीन.”