सुनयनाबाईंचा किडा

आमच्या रुतिकेचे सर सारसोळ्याला आमच्या घरी जेवायला आले ते मी बोलावलं म्हणून. भरल्या पोटी माणूस कमी भडकतो, हे मी शाळेत नाही, मासळी बाजारात शिकले.

रुतिका माझी नात. सत्त्याण्णव साली ती दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातले किडे भिंगाखाली बघत होती, पीएचडीच्या डॉक्टरकीसाठी. अंगाला राठ केस, पाठीवर खवले, असलं ते ध्यान. त्यातला एक किडा आधी तिच्या ह्याच नंदकुमार सरांनी शोधलेला. त्याला त्यांनी आपल्या वारलेल्या बायकोचं, सुनयनाबाईंचं नाव दिलं. आता पोरीला कळलं, सरांनी तो भलत्याच कुळात घातलाय. त्यांच्या किड्याचे खवले जाळ्यात गळलेले, मोजताना ते चुकले. हिला धडधाकट किडा मिळाला.

मी म्हटलं, "गप ऱ्हा. तुझ्या कागदावर त्यांची सही व्हायची हाय."

"मग खोटं छापू, आजी?"

"नको. पन जेवल्यावर सांग."

सर कोलंबी भात पोटभर जेवले. हात पुसले, तशी हिने फोटो पुढं ठेवून सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर मीही दोन शब्द सुनावले असते. माणूस नुसता विझला.

"म्हणजे सुनयनाचं नाव गेलं."

"नाही सर. पुढचं कुळाचं नाव बदलेल, बाईंचं तेच राहील. मागं तुमचंही राहील, कंसात."

"कंसात कशाला?" मी विचारलं.

"पहिल्यांदा त्यांनी ओळखला, पण कूळ नंतर बदललं, त्याची खूण."

"म्हंजे ओटीवरचा म्हातारा. मान हाय, कारभार नाय."

सर हसले, पण डोळे ओलेच.

मला राहवेना. "सर, तुमची बाई नशिबाची. माझं कूळ बदललं तवा तांदळात नवीन नाव लिवलं. गोजराची वेनू झाली. गोजरा कंसात पन नाय ऱ्हायली."

सर फोटो गोळा करून रुतिकेला म्हणाले, "लिही. मात्र चूक माझी, असंच लिही. जाळ्यावर ढकलू नकोस."

ते गेल्यावर पोरगी भांडी उचलू लागली. सकाळपासून धास्तीनं पोटात घास नव्हता तिच्या.

"ठेव ती भांडी," मी म्हटलं, "आनि बस पानावर. कोलंबी संपली. सरांनी खाल्ली."